पाचवं चाक

एमिल पेल्तिये तिसऱ्यांदा आला
तेव्हा मी बिटाचं सूप
थर्मासच्या झाकणात ओतत होते.
म्हणाला, ल्युबा, तो अजून पेटलेलाच आहे.

तो, म्हणजे स्पीडोमीटरखालचा पिवळा दिवा.
घोड्याच्या नालासारखं काहीतरी,
आणि नालाच्या पोटात उद्गारचिन्ह.
कुणी ओरडायला तोंड उघडावं
आणि शब्दच विसरावा, तसं.

सोमवारी मागच्या डाव्या चाकातून खिळा काढला होता मी.
छताचा खिळा, बोटभर लांब, पार चमकता.
पॅच बसवला, पाण्यात बुडवून पाहिलं,
एक बुडबुडा आला नाही.
बुधवारी पुन्हा मोजली हवा : पस्तीस, पस्तीस, पस्तीस, पस्तीस.
स्टिअरिंगखालचं बटण दाबून धरलं,
दिवा तीनदा मिचकावला, जसा मिचकावायला हवा,
आणि एमिल घरी पोहोचेपर्यंत
परत डोळे वटारून बसला.

आज बाहेर उणे अठ्ठावीस.
यॉर्कटनमध्ये या दिवसांत प्रत्येकाचीच हवा थोडी उतरते.
पण आज चारही चाकं ठणठणीत,
आणि मला एकदम आठवलं,
या मॉडेलला पाचव्या चाकातही सेन्सर असतो.

डिकी रिकामी करावी लागेल, मी म्हटलं.
त्याने ऐकलं नाहीसं केलं.
मग हातमोजे काढले (हे मला कळलं नाही,
एवढ्या थंडीत हातमोजे का काढावेत)
आणि एकेक वस्तू जमिनीवर ठेवत गेला :
वाळूची पिशवी. काच खरवडायची पट्टी.
बर्फाला भोक पाडायचं गिरमिट, पात्याला फडकं गुंडाळलेलं.
घडीच्या दोन खुर्च्या.

दुसऱ्या खुर्चीबद्दल मी विचारलं नाही.
गाव एवढंसं आहे,
विचारण्यासारखं इथे फारसं उरत नाही.

गालिच्याखाली ते चाक होतं,
बारा वर्षांत एकदाही रस्त्याला न लागलेलं,
रबरावर कारखान्याची निळी रेघ अजून तशीच.
आत हवा आठ पौंड.
म्हणजे बिचारा दिवा खोटं बोलत नव्हता.
आम्हीच चारपर्यंत मोजून थांबत होतो.

हवा भरली. बटण दाबलं. एक, दोन, तीन.
म्हटलं, आता उभ्या गाडीत हा विझायचा नाही.
वीस मिनिटं चालवावी लागते, ऐंशीच्या वेगाने,
मग तिला पटतं.
कुठे जाऊ?
कुठेही. कनोराकडे जा, परत ये.
कनोराला माझं काय काम?
काम तुझं नाही, दिव्याचं आहे.

तो हसला नाही. सामान मात्र नीट परत ठेवलं,
गिरमिट आधी, मग एक खुर्ची,
मग थोडं थांबून दुसरी.

अर्धा तास झाला, तास झाला.
साडेचारला अंधार पडला,
हायवेवरून धान्याचे ट्रक गेले, एमिल नाही.
सूप तोवर गार,
वर तुपाच्या चकत्यांसारखी चरबी साकळलेली.
शटर ओढताना फोन वाजला.
आवाजात वारा होता, दुसरं काहीतरी फडफडत होतं.

विझला गं. कनोराच्या अलीकडेच, हिरव्या एलिव्हेटरपाशी.
मग म्हटलं आलोच आहे तर.
तळ्यावर आहे. बर्फ दोन फूट पक्का.
जरा थांबून : मासा काही नाही अजून.
आणि हवेचे किती झाले?

हवेचे आम्ही घेत नाही, मी म्हटलं.
असं कसं, म्हणाला, आणि वाऱ्यात फोन तुटला.

मग मी माझी गाडी सुरू केली.
माझा इंजिनचा दिवा ऑक्टोबरपासून पेटलेला आहे.
त्यावर मी चिकटपट्टी लावली आहे.